टेल्युरियमचा वास

श्रावणात कुणी बोलायला जवळ आलं की मी आजही अर्धं पाऊल मागे सरतो. माझ्या तोंडाला आता कसलाही वास येत नाही, हे मला माहीत आहे. लग्न झालं तेव्हा बायकोला वाटायचं, या माणसाला माणसांचा कंटाळा आहे. तसं नाही. एका श्रावणात माझ्या तोंडाला लसणाचा वास येत होता आणि मी लसूण खाल्लेला नव्हता. त्या वासाची शिक्षा मात्र दुसऱ्याने भोगली. ते जसं झालं तसं लिहितो.

मी सोनपेठकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. गावच्या शाळेत विज्ञानाचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला नव्हे, पण जवळजवळ तितक्याच पवित्र जागी, त्यांच्या कमरेला होती. वर्षातून एकदा ते कपाट उघडून आम्हाला लांबून चुंबक दाखवायचे. तेवढ्या चुंबकावर मी एम.एस्सी.पर्यंत आलो. ज्यांनी ज्यांनी मला पुढे ढकललं त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. या हकिकतीत ज्यांच्याबद्दल वाईट लिहिणार आहे, त्यांचाही.

परभणीच्या एका कॉलेजात तेव्हा एम.फिल.ची सोय झाली होती. नामांतराचा दंगा होऊन आठ-नऊ वर्षं लोटली होती. विद्यापीठाचं नाव अजून बदललं नव्हतं, पण कुणी नवीन भेटलं की आडनाव विचारायची लोकांची पद्धत मात्र बदलली होती. पूर्वी सरळ विचारायचे. आता आधी गाव, मग मामाचं गाव, मग ‘बरं, तिकडं कुणाच्यात?’ असं फिरून यायचे.

आमचे मार्गदर्शक सर मोठ्या संस्थेत पीएच.डी. करून आलेले. येताना त्यांनी एका बाटलीत तेलात बुडवलेला टर्बियम धातू आणला होता. टर्बियम म्हणजे दुर्मिळ मृदा म्हणतात त्या धातूंपैकी एक. तो आणि टेल्युरियम एकत्र वितळवून फार हळू थंड केले की पातळ, चौकोनी स्फटिक मिळतात. अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात त्यांचे, आणि रंग थेट सोन्याचा. सरांचं म्हणणं, या पापुद्र्यांतून वीज कशी वाहते ते तापमान बदलत मोजायचं. जगात फारसं कुणी बघितलेलं नाही. आम्ही दोघे विद्यार्थी होतो, एक मी आणि एक तो.

तो पूर्णेचा. वडील रेल्वेत गँगमन, म्हणजे रूळ तपासत मैलोन्‌मैल चालणारे. त्याच्याही घरात तोच पहिला. दंग्यात त्याच्या मावशीचं घर जळालं होतं, हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही हीटरची तार जोडता जोडता. हात माझ्यापेक्षा चांगला होता त्याचा. नखाएवढ्या पापुद्र्यावर चांदीच्या रंगाने केसाएवढ्या चार तारा चिकटवाव्या लागत. माझ्या तारा दुपारपर्यंत सुटायच्या, त्याच्या आठ दिवस टिकायच्या. पहिला स्फटिक चिमट्यात धरून तो म्हणाला होता, “खिडकी लाव गड्या. सराफा बाजाराला कळलं तर दोघाला उचलून नेतील.”

भट्टी थंड व्हायला चार-चार दिवस लागायचे आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसायचा. गेली की कुणीतरी धावत येऊन तापमान बघायचं, नोंद करायची, परत आली की तिथून पुढे चालू करायचं. म्हणून खोली कॉलेजच्या शेजारीच लागणार होती. कॉलेजच्या मागे एका आडत्याचं घर होतं. सगळे त्यांना आप्पा म्हणत आणि त्यांच्या बायकोला आक्का. आप्पा आमच्याच पंथाचे, गळ्यात लिंग बांधणारे, सकाळी कपाळभर भस्म लावून पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे. मी माझं गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आणि अर्ध्या तासात खोली मिळाली.

“आन हे पोरगं?” आप्पांनी त्याच्याकडे बघून मला विचारलं.

त्याचं आडनाव चार जातींत चालतं. मी म्हणालो, “माझ्यासंगंच हाय, आप्पा. आपल्यातलंच समजा.”

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “समजा म्हणालास ते बरं केलंस. उद्या कोर्टात उपयोगी पडंल.”

आम्ही दोघेही हसलो.

आक्का प्रेमळ होत्या. दिवस-रात्र शिकणारी पोरं म्हणून आम्हाला घरातच जेवायला बसवायच्या. ज्वारीची भाकरी ताटात पडायच्या आधी तिच्यावर हात फिरवून राख झटकायच्या. तो जास्त जेवायचा म्हणून त्यांचा त्याच्यावर जास्त जीव. “तुज्या मित्रासारखं खावं,” मला म्हणायच्या, “तू निस्तं चिवडतोस.”

आता वासाबद्दल. टेल्युरियमचे खडे आम्ही चिनी मातीच्या खलात कुटायचो. धूर ओढून घेणारं कपाट प्रयोगशाळेत नव्हतं, खिडकी होती. आषाढात एका दुपारी भट्टीतली काचनळी फुटली आणि पांढरा धूर बाहेर आला. स्फटिक वाचतात का बघायला आम्ही दोघे तोंडावर रुमाल धरून भट्टीत वाकलो. एकही वाचला नाही. चौथ्या दिवसापासून माझ्या जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव राहायला लागली. सरांना सांगितलं तेव्हा ते हसले.

“टेल्युरियम अंगात गेलं की श्वासाला लसणाचा वास येतो. घामालाही. ज्याचा त्याला कळत नाही, समोरच्याला कळतो. पंधरा दिवस, फार तर दोन महिने. आम्हीही सोसलंय. लग्न झालंय का तुमचं? नाही ना? मग झालं तर.”

हे सरांचे शब्द आहेत. ते त्यांनी आम्हा दोघांसमोर उच्चारले, आणि पुढे ते महत्त्वाचे ठरले म्हणून लिहून ठेवतो.

नवीन नळी भरली, नवीन स्फटिक आले. मोजणी सुरू झाली. तिची पद्धत साधी होती. तारा लावलेला पापुद्रा परीक्षानळीत, नळी तेलाच्या भांड्यात, भांड्याखाली हीटर. मोठ्या प्रयोगशाळेत यासाठी वेगळं तेल असतं. आम्ही बाजारातून करडीचं तेल आणलं होतं, त्यामुळे मोजणी चालू असली की प्रयोगशाळेला सणाच्या घराचा वास यायचा. तेल शंभर अंशांपर्यंत तापवायचं, मग हळूहळू निवू द्यायचं आणि अंशाअंशाला विजेला होणारा विरोध मोजायचा. धातू थंड होतो तसा त्याचा विरोध कमी होत जातो. आलेखात सरळ उतरती रेषा आली पाहिजे.

त्याची रेषा सरळ आली नाही. त्रेसष्ट अंशांपर्यंत नीट उतरली, आणि तिथे तिला बाक आला. खाली जायच्या ऐवजी ती किंचित वर उचलली गेली, मग वेगळ्याच उताराने पुढे निघाली. त्याने दुसरा पापुद्रा घेतला. पुन्हा त्रेसष्ट. सर म्हणाले, “काँटॅक्ट सुटतोय तुझा. तारा नीट लाव.”

“माझ्या तारा सुटत न्हाईत, सर.”

“मग हात शिकला नाही म्हण.”

त्याने ठरवलं, पाच वेगवेगळे पापुद्रे, प्रत्येक दोनदा, अगदी हळू थंड करून मोजायचे. दहाही वेळा बाक आला तर सरांना मानावंच लागेल आणि प्रबंध त्याच बाकावर लिहायचा. एका मोजणीला दहा तास. शिवाय पावसाळी हवेत ते सोनेरी पापुद्रे आठवड्यात काळे पडायचे, तेव्हा थांबून चालणार नव्हतं. प्रबंध दिवाळीच्या आधी द्यायचा होता. त्याच्या वडिलांना वाचता येत नव्हतं, पण पोराची पदवी भिंतीवर लावायला त्यांनी खिळा आधीच ठोकून ठेवला होता. तो हे हसत सांगायचा.

मग श्रावण लागला. आप्पांच्या घरात श्रावणात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे.

पहिल्या सोमवारी आम्ही पानावर बसलो आणि आक्का वाढता वाढता थांबल्या. वाकून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तोंड उघड. हा कर.”

मी केलं. त्यांनी पदर नाकाला लावला.

“आता तू.”

त्यानेही केलं.

“दोघंबी,” आक्का म्हणाल्या. “सोमवारी. माज्या घरात.”

मी सांगायला लागलो. एक धातू असतो, त्याचा धूर अंगात गेला की असा वास येतो, आम्ही लसणाला हातही लावलेला नाही. माझं मलाच ते खोटं वाटत होतं. आप्पा आतून आले.

“धातूचा लसूण होतो व्हय? मग लोखंडाचा कांदा होत आसंल.”

“न्हाई आप्पा,” तो म्हणाला, “लोखंडाला निस्ता गंज चढतो. वास येत न्हाई म्हणून कुणाच्या ध्यानात येत न्हाई.”

आप्पांना हे आवडलं नाही. “दारूचा वास झाकाया लसूण खातेत, हे मला शिकवू नका. आडतीवर हमाल बघून बघून डोक्याची चांदी झाली. उद्या तुमच्या सरांना इचारतो.”

मला हायसं वाटलं. सर सांगतील आणि मिटेल.

दुसऱ्या दिवशी आप्पा खरंच प्रयोगशाळेत आले. सर उठून उभे राहिले, कारण आप्पा संस्थेच्या मंडळींच्या उठबशीतले. त्याच महिन्यात प्रयोगशाळा बघायला समिती यायची होती. पोरांच्या अंगात विष जातं अशी बोंब झाली असती तर काय झालं असतं, ते मला आता कळतं. आप्पांनी विचारलं, “ह्या धातूनं तोंडाला लसणाचा वास येतो का हो?”

सर आमच्याकडे न बघता म्हणाले, “छे! आमच्याकडे तसं काही नसतं, आप्पा. पोरं आहेत. बाहेर काही खात असतील.”

आप्पा गेले. तो सरांसमोर जाऊन उभा राहिला. “सर, तुमीच सांगितलं होतं.”

“तुला माझ्याकडून पदवी घ्यायचीय ना?” सर म्हणाले. “मग बस खाली.”

तो खाली बसला. मी तर बसलेलोच होतो.

दुसऱ्या सोमवारी पूजा आटोपल्यावर आप्पांनी आम्हाला देवघरासमोर बोलावलं. आवाज चढलेला नव्हता. आमच्या लोकांत वाद मिटवायची एक रीत आहे. गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं आणि सांगायचं. त्यानंतर पुन्हा कुणी विचारत नाही.

“तुमची पोरबुद्धी हाय, मला ठावं हाय,” आप्पा म्हणाले. “खाल्लं आसंल तर खाल्लं म्हणा, न्हाई तर हातावर घेऊन न्हाई म्हणा. दोन्हीनं मिटतं. मी कुणाला काढणार न्हाई.” मग माझ्याकडे वळून, “तू आदी घे.”

आप्पांच्या दृष्टीने यापेक्षा सरळ न्याय नव्हता. त्यांनी आम्हाला खरं बोलून सुटायची वाट दिली होती, आणि ती फक्त माझ्यासाठी होती. शर्टाचं बटण काढताना मला पूर्ण ठाऊक होतं की माझ्यानंतर त्याची पाळी आहे. मी म्हणू शकत होतो, “आप्पा, खाल्ला. चुकलो. दोघांनीही खाल्ला.” एवढ्या एका खोट्याने सगळं मिटलं असतं. आक्कांनी चार दिवस बोलणं टाकलं असतं, आप्पांनी आमच्या वडिलांना निरोप धाडला असता. बस. पण मला खरं सांगायची संधी मिळाली होती आणि माझं नाव स्वच्छ राहणार होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत होता, जणू उरलेले दिवस मोजतोय.

मी लिंग तळहातावर घेतलं आणि म्हणालो, “मी लसूण खाल्लेला नाही.”

“झालं,” आप्पा म्हणाले. “आता तू.”

“माज्याकडं न्हाई,” तो म्हणाला.

आक्का एकदम पुढे आल्या. “हरवलं?” त्यांचा चेहरा खरोखर उतरला. लिंग हरवणं ही आमच्यात लहान गोष्ट नाही. “आरं बाळा, कदी हरवलं? सांगायचं न्हाई व्हय? जेवलास कसा तसाच?”

त्याने नुसतं हो म्हटलं असतं तर आक्कांनीच त्याला नवीन आणून बांधलं असतं. तो आक्कांकडे वळला.

“हरवलं न्हाई, आक्का. कदी नव्हतंच.”

आप्पांनी फक्त गाव आणि वस्ती विचारली. आता फिरून विचारायची गरज नव्हती. त्याने सरळ सांगितलं. मग आप्पा माझ्याकडे वळले.

“तुला ठावं होतं?”

लिंग अजून माझ्या तळहातावर होतं. ते परत आत ठेवायचं राहून गेलं होतं.

“नव्हतं,” मी म्हणालो.

त्याने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. आकडा बरोबर वाचला की नाही ते बघायला तो गॅल्व्हानोमीटरवर वाकायचा, तसं बघितलं.

आक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि मला हाक मारली. मांडणीवर स्टीलची ताटं उभी होती. “कोणत्या कोणत्या ताटात जेवला?” त्यांनी विचारलं. वेगवेगळी ताटं कुणाला ठरलेली नव्हती, हाताला येईल त्यात जेवायचो. पण आक्का रडत होत्या आणि मला ते लवकर संपायला हवं होतं. मी दोन ताटं आणि एक पेला दाखवला. ती भांडी त्यांनी चिमट्याने उचलली. उरलेल्या ताटांपैकी एकात मी त्या दिवशी संध्याकाळी जेवलो.

आप्पांनी त्याच्या अंगाला हात लावला नाही. “माज्या घरात मारामारी होत न्हाई,” म्हणाले, आणि आडतीवरचा हमाल बोलावून त्याची वळकटी, पेटी आणि स्टोव्ह रस्त्याच्या कडेला ठेवायला लावला. श्रावणातली भुरभुर चालू होती. वळकटी भिजत होती. त्याने आधी पेटीतून वही काढून शर्टाच्या आत घातली. मी दारात उभा होतो, उंबऱ्याच्या आत.

“काल एकाहत्तरपासून पुढचे आकडे वहीत उतरवायचे राहिलेत,” तो मला म्हणाला. “कागद भट्टीवर हाय. तेवढे उतरव.”

आमच्या पंथाची मूळ शिकवणच जातीच्या विरोधात आहे, हे मी पुढे एका पुस्तकात वाचलं. आप्पांनी ते पुस्तक माझ्या आधी वाचलं असेल. त्यांच्या देवघरात होतं.

त्याला परभणीत दुसरी खोली मिळाली नाही. बातमी त्याच्या आधी दारोदार पोचली होती. प्रयोगशाळेत झोपू का, असं त्याने सरांना विचारलं. ही धर्मशाळा नाही, असं उत्तर आलं. मग तो पूर्णेहून रोज गाडीने यायला लागला. गाडी वेळेवर आली तर अकराला पोचायचा आणि चारला निघायचा. दहा तासांची मोजणी पाच तासांत होत नाही. आम्ही शेजारी शेजारी बसायचो, मी विरोध वाचायचो, तो तापमान. माझ्याशी तो फक्त आकडे बोलायचा. “पंच्याहत्तर.” “चौऱ्याहत्तर.” मी माझा आकडा सांगायचो. दिवसभर दुसरा शब्द नाही. दोघांच्याही तोंडाला लसणाचा वास आणि मधे करडीच्या तेलाचं भांडं. सत्तरच्या आसपास आलं की त्याची गाडीची वेळ व्हायची. पिशवी उचलताना तो म्हणायचा, “पुढचे तू घे.” विनंती नव्हती ती, काम होतं.

पुढचे मी घेतले. सहासष्ट, पासष्ट, चौसष्ट सरळ. त्रेसष्टला बाक. माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांनी, माझ्या स्वतःच्या पापुद्र्यातही. मी वही घेऊन सरांकडे गेलो. सरांनी बघितलं, आणि वही मिटून मला परत दिली.

“तुझे वडील काय करतात?”

“शेती, सर.”

“पुढच्या जूनमध्ये इथे एक जागा निघतेय. तुझा प्रबंध सरळ, स्वच्छ हवा. साठ ते पासष्टमधले बिंदू काढ आणि रेष जोड. बाक समजावून सांगता येत नसेल तर तो दाखवू नये.”

मी ते सहा बिंदू खोडले. ब्लेडने खरवडले, कारण ते शाईने काढलेले होते.

सप्टेंबरअखेर सरांनी त्याच्या प्रबंधावर सही करायला नकार दिला. बाक काढ, मग सही. तो म्हणाला, “सर, माजा बाप रुळावर चालतो. रुळाला बाक दिसला की लाल झेंडी लावतो. खोडून टाकला तर गाडी पडती.”

“मग बापाला बोलाव सही करायला,” सर म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. श्रावणानंतर आकड्यांशिवाय तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता. “तुजी वही दाखव. तुज्या मोजणीत आला का न्हाई, तेवढं सांग. दोगांच्या हाताला एकच काँटॅक्ट कसा सुटंल?”

सर टेबलावर पेन वाजवत होते.

“माझी सरळ आली,” मी म्हणालो.

“त्रेसष्टला?”

“सरळ.”

त्याने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. अंगठ्यावर चांदीच्या रंगाचा डाग होता. मग वही उचलली आणि निघाला. तो कॉलेजात परत आला नाही.

मला पदवी मिळाली, जूनमध्ये जागाही मिळाली. सरांनी स्वतः मुलाखतीत माझ्यासाठी शब्द टाकला. आप्पांनी पेढे वाटले. आक्कांनी माझ्या लग्नात आहेर केला. या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी नाकारत नाही. आमच्या घरातली पुढची चार पोरं माझ्या पगारावर शिकली.

सहा-सात वर्षांनी, विद्यापीठाचं नाव बदललं त्याच वर्षी, आम्हा शिक्षकांचं एक उजळणी शिबिर होतं. बाहेरून आलेल्या एका वक्त्याने फळ्यावर पापुद्र्यांचं चित्र काढलं. दुर्मिळ मृदा आणि टेल्युरियम, एकावर एक थर. ते म्हणाले, या थरांत इलेक्ट्रॉन एरवी सारखे पसरलेले असतात. पण एका ठराविक तापमानाच्या खाली ते सारखे राहत नाहीत. दाट-विरळ, दाट-विरळ असे बसतात आणि अणूही त्यांच्यासोबत किंचित सरकतात. नीट न चाललेल्या तिफणीतून बी पडावं तसं मला दिसलं, पण त्यात तिफणीची चूक नव्हती. ती चाल ठरलेली होती. मोकळे वाहणारे काही इलेक्ट्रॉन त्या चालीत अडकतात, म्हणून विरोध वाढतो आणि आलेखाला बाक येतो. याला चार्ज डेन्सिटी वेव्ह म्हणतात.

मी उठून विचारलं, “टर्बियमच्या स्फटिकात हे किती अंशांवर होतं?”

“नक्की मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही,” ते म्हणाले. “खोलीच्या तापमानाच्या वर असावं. का? तुमच्याकडे कुणी मोजलंय का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणून बसलो.

पुढच्या रविवारी पूर्णेला गेलो. त्याला शोधायला वेळ लागला नाही. स्टेशनच्या बाहेर, रुळांच्या कडेला, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि काखेत गुंडाळलेल्या झेंड्या. वडील गेल्यावर त्यांच्या जागी लागला होता. मला बघून तो थांबला नाही. चालत राहिला, मी शेजारून चालायला लागलो.

“बोल, मास्तर.”

मी सगळं सांगितलं. थर, इलेक्ट्रॉन, दाट-विरळ, बाक. तो ऐकत होता आणि मधे मधे रुळाच्या चावीवर, म्हणजे रूळ पकडून ठेवणाऱ्या पाचरीवर, हातोडा मारून आवाज ऐकत होता. मी संपवल्यावर म्हणाला, “म्हणजे आसतो.”

“असतो.”

“मग तुजी सरळ कशी आली?”

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला इतकी वर्षं माहीत होतं आणि उत्तरही मी गाडीत घोकलं होतं.

“सरळ आली नव्हती. त्रेसष्टलाच आला होता बाक. दोनदा. मी खोडला.”

त्याने हातोडा खाली टेकवला.

“मला वाटलं, माजाच हात,” तो म्हणाला. “रोज वाटायचं. इथं चावी ठोकताना वाटायचं, ह्या हातानं चार तारा नीट लागल्या न्हाईत. बाप मरताना म्हणला, जमलं न्हाई तर न्हाई, सगळ्यांना थोडंच जमतं? मी म्हणलं, व्हय दादा, न्हाई जमलं मला.”

नकळत माझा हात शर्टाच्या बटणाकडे गेला. मला वाटतं, मला शपथ घ्यायची होती, आता जे सांगतोय ते खरं आहे म्हणून. त्याने ते बघितलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “तुज्या हातावर ते आसलं काय आन नसलं काय.”

हातोडा खांद्यावर टाकून तो पुढे निघाला. दहा-बारा स्लीपर गेल्यावर मागे न वळता त्याने ओरडून सांगितलं, “परभणीची गाडी दोनवर लागती. पुलावरून जा. रूळ ओलांडू नको.”

मी पुलावरून गेलो.